जुन्या हार्ड डिस्कचं कार्ड आजच्या मशीनवर: ड्रायव्हर शोधण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या घरच्या अडत दुकानाचा ३८६ संगणक तुम्ही माळ्यावरून खाली काढलाय. त्यात दोन रिबन केबलींची जाडजूड २० एमबीची डिस्क आणि तिचं लांब कार्ड आहे. सोबत नंतरच्या काळातली ४२० एमबीची आयडीई डिस्क आहे. शिवाय चुलत्यांच्या प्रेसमधलं डीटीपीचं मशीन मोडीत काढताना बाजूला ठेवलेलं अडॅप्टेक २९४० कार्ड आणि त्याची ५० पिनांची स्कझी डिस्क (स्कझी म्हणजे डिस्क, स्कॅनर वगैरे जोडायची आयडीईहून वेगळी पद्धत). आयडीई डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावून बघितली, विंडोज ११ ला ती दिसलीच नाही. म्हणून विचारताय की या कार्डांचे विंडोज ११ साठीचे ड्रायव्हर कुठे मिळतील, आणि कार्ड जिवंत आहे की मेलंय हे तपासायचं कसं.

मी विश्रामबागेत दुरुस्तीचं काम करतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे पीसी, पतपेढ्यांचे जुने सर्व्हर, कुपवाड एमआयडीसीतल्या मशीनना जोडलेले, आयएसए या जुन्या स्लॉटची कार्डं असलेले डबे, असलं सगळं माझ्या टेबलावर येतं. त्या अनुभवावरून सांगतो, ड्रायव्हरचा प्रश्न तुमच्या तिन्हींपैकी फक्त एका जोडीला लागू पडतो. उरलेल्या दोन ठिकाणी अडचण ड्रायव्हरची नाहीच.

आधी एक ठरवा. तुम्हाला कार्ड चालवायचंय की हळदीच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) आणि कीर्द-खतावणी बाहेर काढायचीय? कार्ड चालवणं ही हौस आहे, आणि चांगली हौस आहे; त्यात घाई नसते आणि चुकलं तरी बिघडत नाही. पण वडिलांचे हिशेब एकाच डिस्कवर असतील तर कामाचा क्रम उलटा होतो. मी दुसरी गोष्ट धरून लिहितोय.

कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारा मेंदू, नेमका कुठे बसलाय ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. सीगेटने, तेव्हा तिचं नाव शुगार्ट टेक्नॉलॉजी होतं, १९८० साली एसटी-५०६ ही ५ एमबीची डिस्क काढली आणि पुढच्या वर्षी १० एमबीची एसटी-४१२. त्या जोडणीत ३४ तारांची एक केबल हुकूम नेते आणि २० तारांची दुसरी केबल कच्चा सिग्नल आणते. डिस्क स्वतः अडाणी असते. हेड अमुक ट्रॅकवर ने म्हटलं की नेते, आणि तिथलं चुंबकीय चढउतार जसंच्या तसं केबलवर सोडते. त्यातून बिट कसे ओळखायचे, सेक्टर (ट्रॅकवरचा ठरावीक मापाचा तुकडा) कुठे सुरू होतो, चूक कशी पकडायची, हे सगळं कार्डाच्या डोक्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यात कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांनी हा कंट्रोलर कार्डावरून उचलून डिस्कच्याच सर्किट बोर्डावर बसवला. त्यालाच आयडीई म्हणतात. त्यामुळे मदरबोर्डवरचं किंवा वेगळं आयडीई 'कंट्रोलर कार्ड' खरं तर नुसतं दार आहे. स्कझीतही कंट्रोलर डिस्कवरच असतो, आणि अडॅप्टेकचं कार्ड म्हणजे होस्ट अडॅप्टर, तेही एक दारच.

म्हणजे तुमच्याकडे कार्डं दोन असली तरी खऱ्या अर्थाने कंट्रोलर एकच कार्ड आहे, ते ३८६ मधलं लांब कार्ड. ते गेलं तर डिस्क धडधाकट असूनही वाचता येणार नाही. आयडीई आणि स्कझीचं दार मोडलं तर दुसरं आणता येतं.

आधी त्या २० एमबीच्या डिस्कबद्दल, कारण चुका होतात त्या इथेच.

ही डिस्क एमएफएमची, म्हणजे चुंबकीय चढउतारांत बिट लिहायच्या एका जुन्या पद्धतीची. त्या पद्धतीत एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे १७ सेक्टर बसतात, म्हणजे कामाचे ८,७०४ बाइट. पण ३,६०० फेऱ्यांच्या वेगाने आणि सेकंदाला ५० लाख बिटांच्या दराने एका फेरीत १०,४१६ बाइट मावतात. मधला फरक कुठे जातो? सेक्टरचा पत्ता, तपासणीचे आकडे आणि मोकळ्या जागा यांत. आणि ते कसं लिहायचं हे प्रत्येक कंपनीच्या कार्डाने आपापलं ठरवलं. जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचं मोडी जसं त्यांच्याच हाताखालच्या माणसाला लागायचं, तसं हे आहे: डिस्क ही वही, कार्ड हा मुनीम. दुसऱ्या कंपनीचं एमएफएम कार्ड आणून लावलंत तर ते 'डिस्क खराब' म्हणून मोकळं होईल, आणि कोणीतरी ती फॉरमॅट करून टाकेल. म्हणून डिस्क आणि कार्ड कधी वेगळं करू नका. दोन्हींवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा.

आता आजच्या मशीनचं. हे कार्ड आयएसएचं. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या पीसी ९९ मार्गदर्शिकेनेच नव्या मशीनमधून आयएसए स्लॉट बाद केले. कार्ड खुपसायला जागाच नाही, मग विंडोज ११ चा ड्रायव्हर घेऊन करणार काय? लिनक्सची गोष्ट गमतीची आहे. १९९१ मधल्या अगदी पहिल्या ०.०१ आवृत्तीत हार्ड डिस्कचा जो ड्रायव्हर होता तो याच जातीच्या, आयबीएमच्या पीसी/एटी मशीनमधल्या कंट्रोलरचा. तो आणि त्याआधीच्या पीसी/एक्सटीच्या आठ बिटी कार्डांचा, दोन्ही ड्रायव्हर पुढे कर्नलमधून निघाले. ३८६ प्रोसेसरचा आधार तर त्याआधीच, २०१३ च्या ३.८ आवृत्तीत संपला. तेव्हा 'लिनक्सवर सगळं जुनं चालतं' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.

म्हणून मी जुनं कार्ड नव्या मशीनवर ओढत नाही. कार्ड त्याच्याच काळातल्या मशीनमध्ये, शक्यतो त्याच्या स्वतःच्याच मशीनमध्ये ठेवतो आणि नवेपणा साखळीच्या दुसऱ्या टोकाला आणतो. तुमचा ३८६ उभा करा. पण लगेच बटण दाबू नका. मदरबोर्डवर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनाची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती बहुधा पाझरलेली असणार. तिचा क्षार आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खातो. ती कापून काढा, जागा साफ करा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आधी डिस्कशिवाय, एखादा जुना बिनकामाचा फ्लॉपी ड्राइव्ह भार म्हणून लावून तपासा आणि मल्टिमीटरवर ५ आणि १२ व्होल्ट बघा. जुन्या डिस्कच्या बोर्डवरचे पिवळे थेंबासारखे टॅन्टलम कपॅसिटर पहिल्या विजेला फटकन फुटतात. फुटला तर घाबरायचं कारण नाही, तो बदलता येतो. पण डेटा केबल न लावता फक्त वीज देऊन हा टप्पा आधी उरकून घ्यावा.

बॅटरी गेली की सीमॉसमधला, म्हणजे बॅटरीवर टिकणाऱ्या सेटिंगच्या मेमरीतला, डिस्कचा प्रकारही जातो. सीगेट एसटी-२२५ असेल तर ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. एटीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या कार्यक्रमात) हा प्रकार क्रमांक २ म्हणून असतो. लेबलवर मॉडेल बघा आणि तेच भरा. अंदाजाने भरलेला आकडा वाचनापुरता कधी निभावतो, लिहायची वेळ आली की घात करतो.

आणि एक सावधगिरी. जुन्या लेखांमध्ये डॉसचा डिबग कार्यक्रम उघडून 'जी=सी८००:५' लिहा असा सल्ला सापडेल. कार्डावर स्वतःचा रॉम असेल तर ही आज्ञा लो-लेव्हल फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवरचे सेक्टर पुसून नव्याने आखण्याचा, कार्यक्रम चालू करते. चाचणी म्हणून ती कधीही नाही. अशा सल्ल्यापायी कोरी झालेली डिस्क घेऊन माणसं येतात, आणि तिथे माझ्याही हातात काही नसतं.

या डिस्कमध्ये हेड हलवायला स्टेपर मोटर असते. हेड ट्रॅकवर नीट बसलंय की नाही हे तिला कळत नाही, ती नुसती पावलं मोजते. त्यामुळे डिस्क ज्या तापमानाला फॉरमॅट झाली त्यापेक्षा फार थंड असेल तर चुका येतात. सांगलीत डिसेंबरच्या सकाळी अडखळणारी डिस्क अर्धा तास नुसती फिरत ठेवली की सुरळीत वाचते. पहिल्या पाच मिनिटांत आलेल्या चुकांवरून निकाल लावू नका. उलट एप्रिल-मेच्या भर दुपारी पंख्याची हवा द्या.

डॉसचा सी: प्रॉम्प्ट आला की फायली बाहेर काढायच्या. मार्ग पुष्कळ आहेत. एमएस-डॉस ६ सोबत इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर हे दोन कार्यक्रम येतात. नल-मॉडेम केबल किंवा समांतर पोर्टची केबल लावली की दुसऱ्या डॉस मशीनवर सगळं उतरतं. २० एमबीला सिरीयल केबलवरून तास-दोन तास पुरतात. नेटवर्क कार्ड असेल तर मायकेल ब्रुटमन यांचा एमटीसीपी संच डॉसवर एफटीपी (नेटवर्कवरून फायली पाठवायची सोय) चालवतो. मला सगळ्यात सोयीचं पडतं ते एक्सटी-आयडीई कार्ड, कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड लावायची सोय असलेलं. मात्र त्याचा पत्ता बघा. एटीच्या एमएफएम कार्डाचा पत्ता १एफ० आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची, म्हणजे इंटरप्टची ओळ) १४, पहिल्या आयडीई पोर्टचाही तोच. साधं आयडीई कार्ड त्याच मशीनमध्ये घातलंत तर दोघं एकमेकांच्या तंगड्यात पाय घालतील. एक्सटी-आयडीई सहसा ३०० या पत्त्यावर बसतं म्हणून भांडण होत नाही.

कार्ड मेलेलंच असेल तर? मग आजच्या काळातला एक सुंदर उपाय आहे. डेव्हिड गेस्वाइन यांनी बीगलबोन या छोट्या संगणक-बोर्डावर आधारित एमएफएम वाचक बनवलाय. तो डिस्कवरचे चढउतार जसेच्या तसे टिपून घेतो आणि कुठल्या कार्डाने लिहिलंय हे नंतर सॉफ्टवेअरने उलगडतो. तोच बोर्ड डिस्कची नक्कलही करतो, म्हणजे मूळ कार्डाला वाटतं समोर खरीच डिस्क आहे. हौस म्हणून कार्ड तपासायचं असेल तर यासारखं साधन नाही, कारण पणाला लागायला खरी डिस्कच नसते.

आता ४२० एमबीची आयडीई. ही यूएसबीवर दिसत नाही म्हणून ती मेली असं समजू नका.

सुरुवातीच्या आयडीई डिस्कना पत्ता सिलिंडर, हेड, सेक्टर या तीन आकड्यांत द्यावा लागायचा. सेक्टरना ओळीने क्रमांक देणारी एलबीए पद्धत नंतर आली, आणि १९९३-९४ च्या डिस्कमध्ये ती काहींत आहे, काहींत नाही. बाजारातल्या बहुतेक यूएसबी अडॅप्टरमधली चिप फक्त एलबीए जाणते. समोरच्या डिस्कला ते समजलं नाही की अडॅप्टर गप्प बसतो आणि विंडोज म्हणतं काहीच जोडलेलं नाही. इथे ड्रायव्हर बदलून काय होणार? चूक अडॅप्टरच्या पोटात आहे.

त्याआधी जंपर मात्र तपासा. काही डिस्कना एकटी असताना 'सिंगल' आणि सोबत दुसरी असताना 'मास्टर' अशा दोन वेगळ्या जागा असतात. 'मास्टर' ठेवून एकटी लावली तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते.

उपाय म्हणजे खरं आयडीई पोर्ट असलेला मदरबोर्ड. इंटेलने २००६ च्या आयसीएच८ पासून चिपसेटमधून हे पोर्ट काढलं, पण पुढची काही वर्षं मदरबोर्ड बनवणारे वेगळी चिप बसवून ते देत राहिले. पेंटियम ४ च्या काळातला एखादा बोर्ड भंगारातही मिळतो, आणि या कामाला तो सोन्याच्या मोलाचा. त्यावर लिनक्सची जुनी ३२ बिटी लाइव्ह सीडी चालवा. नव्याच्या मागे लागू नका, डेबियन १३ ने तर ३२ बिटी पीसीवर थेट बसवायची सोयच बंद केली. एक फरक ध्यानात असू द्या. २०२१ च्या ५.१४ आवृत्तीत कर्नलमधला जुना आयडीई विभाग काढून टाकला, आता सगळं लिबएटीए या दुसऱ्या विभागाकडे आहे. त्यामुळे जुन्या लेखांतलं 'एचडीए' हे नाव आज 'एसडीए' म्हणून दिसतं. नाव न बघता आज्ञा चिकटवणाऱ्याने चुकून स्वतःच्याच मशीनच्या डिस्कवर लिहिल्याची उदाहरणं आहेत. लिबएटीएला सिलिंडर-हेड-सेक्टर पद्धतही येते, ही आपल्या फायद्याची गोष्ट.

डिस्क दिसली पण त्यावर विभाजन (पार्टिशन) दिसत नाही, असं झालं तर दोन शक्यता मनात ठेवा. जुन्या बायोसला मोठी डिस्क ओळखता यायची नाही, म्हणून दुकानदार ऑनट्रॅकच्या डिस्क मॅनेजरसारखा एक थर आधी घालायचे. त्यामुळे खरं विभाजन काही सेक्टर पुढे सरकलेलं असतं. बायोसची ती प्रसिद्ध ५२८ एमबीची मर्यादा तुमच्या डिस्कला लागू नाही, पण ३८६ च्या बायोसमध्ये स्वतःचे आकडे भरायची सोय नसेल तर ४२० एमबीलाही हा थर घातलेला असू शकतो. दुसरी शक्यता, डबलस्पेस, म्हणजे डेटा दाबून डिस्कवर जास्त मावेल असं करणारा डॉसचा कार्यक्रम. मूळ डिस्कवर एकच भलीमोठी डीबीएलस्पेस.००० नावाची फाइल दिसते आणि माणूस म्हणतो, हिशेब गेले. गेले नाहीत, त्या फाइलीत दाबून भरलेत.

स्कझीचं त्यामानाने सोपं आहे, आणि ड्रायव्हरचा तुमचा प्रश्न लागू पडतो तो इथेच. अडॅप्टेक २९४० हे पीसीआय कार्ड. विंडोज एक्सपीत त्याचा ड्रायव्हर आतूनच होता. विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे, आणि ६४ बिटी कर्नल ३२ बिटी ड्रायव्हर चढवत नाही, तुम्ही कितीही 'कंपॅटिबिलिटी मोड' लावा. 'सगळे ड्रायव्हर फुकट' म्हणणाऱ्या साइटवरून काही उतरवू नका, कार्ड चालणार नाही आणि मशीन मात्र बाधेल. लिनक्समध्ये मात्र एआयसी७एक्सएक्सएक्स हा ड्रायव्हर अजून आहे आणि हे कार्ड तो नीट ओळखतो. पीसीआय स्लॉट असलेला कुठलाही जुना बोर्ड घ्या, त्यात कार्ड बसवा, झालं. पीसीआय एक्स्प्रेसमधून पीसीआय स्लॉट काढून देणारे छोटे बोर्ड मिळतात. त्यांतले काही चांगले, काही इंटरप्ट गिळणारे. स्लॉटमधली खाचही बघा, जुनी कार्डं ५ व्होल्टच्या खाचेची असतात, ३.३ व्होल्टच्या सर्व्हर स्लॉटमध्ये ती बसत नाहीत आणि जोर करून बसवायचीही नाहीत.

स्कझीत निम्म्या तक्रारी टर्मिनेशनच्या, म्हणजे केबलच्या टोकाला सिग्नल परत उसळू नये म्हणून लावायच्या रोधकांच्या. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, मध्ये कुठेही नको. कार्ड एका टोकाला, डिस्क दुसऱ्या टोकाला, तिचा आयडी ७ सोडून काहीही, कारण ७ सहसा कार्डाचा. केबलचं शेवटचं टोक मोकळं लोंबकळत ठेवू नका. प्रेसच्या मशीनला बहुधा स्कॅनरही असणार आणि शेवटचा टर्मिनेटर त्या स्कॅनरवर. स्कॅनर गेला, त्याच्यासोबत टर्मिनेटर गेला, आणि डिस्क 'खराब' ठरली, असं हमखास होतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाकून त्याला खरं कार्ड थेट सोपवायचीही युक्ती आहे. जमते, पण मदरबोर्डवर अवलंबून आहे, आणि डेटा काढायला तिची गरज नाही.

आता चाचणी. ड्रायव्हर चढला, कार्डाचं नाव स्क्रीनवर आलं, डिस्कची यादी दिसली, याला बरेच जण चाचणी झाली म्हणतात. मी म्हणत नाही. कारण या जुन्या जोडण्यांमध्ये 'चूक आली नाही' आणि 'बाइट बरोबर आले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयडीईच्या जुन्या पीआयओ पद्धतीत (जिथे प्रोसेसर स्वतः बाइट उचलतो) केबलवरून जाणाऱ्या बाइटची तपासणीच होत नाही. सीआरसी ही तपासणी आली ती नंतरच्या, वेगवान अल्ट्रा डीएमए पद्धतीसोबत. म्हणजे डिस्कने प्लॅटरवरून (आतल्या चकतीवरून) बरोबर वाचलं, पण सैल केबलीत एक बिट उलटला, तर कोणीही तक्रार करणार नाही. पट्टीवरचे ३,४५० क्विंटलमागे ३,४५४ होतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. स्कझीत पॅरिटी (प्रत्येक बाइटसोबत जाणारा तपासणीचा बिट) असते, पण ती कार्डाच्या सेटिंगमध्ये बंद केलेली असू शकते. एमएफएमला प्लॅटरपासून कार्डापर्यंत तपासणी आहे, कार्डापुढे आयएसए बसवर नाही.

म्हणून तुमची खरी डिस्क कार्डाच्या चाचणीसाठी वापरायची नाही. त्याच जातीची, रिकामी, गेली तरी चालेल अशी एक बळीची डिस्क मिळवा. आयडीई आणि स्कझीसाठी ती सहज मिळते. तिच्यावर आधी पूर्ण डिस्कभर ठरावीक नमुना लिहा, मग वाचा. लिनक्सचा बॅडब्लॉक्स लिहिण्याच्या पद्धतीत नेमकं हेच करतो. नंतर तिची पूर्ण प्रतिमा (डिस्कची बाइटन् बाइट नक्कल असलेली फाइल) दोनदा घ्या, मध्ये मशीन बंद करून थंड होऊ द्या, आणि दोन्हींचे शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) जुळवा. एकदा जुळले की भर दुपारी पुन्हा करा. दोन थंड वाचनं जुळतात आणि गरम वाचन जुळत नाही, असं झालं तर दोष बहुधा कार्डातल्या कपॅसिटरचा किंवा वीजपुरवठ्याचा.

चुका आल्या तर त्या कुठे आल्या ते बघा. प्रत्येक वेळी त्याच सेक्टरला अडत असेल तर डिस्कवरची जागा खराब. दर वेळी वेगळ्याच जागी अडत असेल तर डिस्कला दोष देऊ नका. केबल, टर्मिनेशन, कनेक्टरवरची काजळी, एसएमपीएस, या क्रमाने बघा, कार्डावर संशय शेवटी. पॅरिटीची तक्रार आली तर केबल आणि टर्मिनेटर. कार्ड दिसतं पण प्रत्येक हुकुमाला वेळ संपल्याची तक्रार येते, तर इंटरप्ट पोहोचत नाही, स्लॉट बदला. डीमेसेजने कर्नलचा लॉग सतत डोळ्यासमोर ठेवा, आणि वेग आपोआप कमी केल्याची ओळ आली तर ती गंभीरपणे घ्या. कर्नल तुमच्यासाठी चूक झाकतोय.

एमएफएमला बळीची डिस्क मिळणं अवघड, आणि मिळाली तरी ती तुमच्या कार्डाने फॉरमॅट करावी लागेल. त्यात चुकून खरी डिस्क जोडलेली राहिली तर? म्हणून तिथे मी लिहिण्याची चाचणी करतच नाही. फायली दोनदा वेगवेगळ्या कॉम्पॅक्टफ्लॅशवर काढतो आणि नव्या मशीनवर एकमेकांशी ताडून बघतो. जिथे फरक, तिथे तिसरं वाचन.

बळीच्या डिस्कवर कार्ड खरं उतरलं की मग तुमची डिस्क. विंडोजवर लावायची नाही. ते न विचारता त्यावर फोल्डर तयार करतं, आणि विभाजन समजलं नाही तर 'इनिशियलाइझ करू का' म्हणून विचारतं, त्यावर सवयीने 'ओके' दाबलं जातं. लिनक्सवर आपोआप माउंट होणं बंद करा, ब्लॉकडेव्हने डिस्क फक्त वाचनासाठी करा, आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रतिमा घ्या. पहिल्या फेरीत अडलेली जागा सोडून पुढे जाऊ द्या, चांगला भाग आधी हाती येऊ दे, हट्टी सेक्टरची खोदाई नंतर. त्याची नकाशा-फाइल जपून ठेवा. मध्येच लाइट गेली तर तिथूनच पुढे सुरू होतं. आणि लाइट जाणारच, म्हणून यूपीएसवर चालवा. इतक्या जुन्या डिस्कमध्ये स्मार्टची (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीची) माहिती मिळेल अशी आशा ठेवू नका, कान हेच साधन. लयीत टकटक सुरू झाली की थांबवा.

प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क गुंडाळून ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर करा. प्रतिमेचा आकार आधी तपासा. गेस्वाइन यांच्या वाचकाने एसटी-२२५ ची पूर्ण प्रतिमा काढलीत तर ती २,१४,११,८४० बाइट भरली पाहिजे. कमी भरली तर सिलिंडरचा आकडा चुकलाय. ही प्रतिमा ८६बॉक्स या, जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात चढवता येते. त्यात एमएफएमची, तिच्या नंतरच्या ईएसडीआय जोडणीची, अडॅप्टेक १५४२ सारखी स्कझी कार्डं अगदी बायोससकट नक्कल केलेली आहेत. तिथे तुमच्या वडिलांचं मशीन विंडोज ११ च्या एका खिडकीत सुरू होईल. खरं सांगायचं तर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं विंडोज ११ वरचं उत्तर हेच आहे. कार्ड तिथे चालत नाही, पण कार्डाची नक्कल चालते, आणि ती तुमच्या डिस्कच्या प्रतिमेवर चालते. नुसत्या फायलीच बघायच्या असतील तर डॉसबॉक्स-एक्स पुरे, पण त्याला ५१२, १७, ४, ६१५ हे आकडे द्यावे लागतात.

फायली उघडल्यावर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या तर कार्डाला दोष देऊ नका. त्या काळात सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसवर मराठी लिहायचे आणि मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात साठायचा. तो युनिकोडमध्ये नीट बदलता येतो. प्रेसच्या स्कझी डिस्कवर मात्र श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या फाँटांत टाइप केलेलं असणार, त्यांचा संकेत फाँटागणिक वेगळा. तिथे कुठला फाँट होता हे आधी शोधा. एखादी छापील पत्रिका किंवा बिल जपलेलं असेल तर ओळख पटवायला ते फार उपयोगी पडतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. डिस्क २०१९ च्या महापुरात भिजली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मार्केट यार्डाकडच्या किंवा गावभागातल्या मालाबद्दल हे मी पहिल्यांदा विचारतो. पाणी शिरलं असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि वीज अजिबात देऊ नका. आत वाळलेला कृष्णेचा गाळ असलेली डिस्क एकदा फिरली की प्लॅटरवर ओरखडे पडतात. ती कोरड्या जागी ठेवून स्वच्छ खोली असलेल्या जागीच न्यायची. अनेक वर्षं पडून राहिलेल्या डिस्कचे हेड प्लॅटरला चिकटलेले असू शकतात. मोटर गुणगुणते पण फिरत नाही. हातात धरून झटका द्यायचा जुना उपाय इंटरनेटवर आहे. माझ्याकडे प्रतिमा नसलेली डिस्क असताना मी तो करत नाही.

क्रम म्हणाल तर आधी आयडीई, कारण तिला जुना बोर्ड आणि साधी केबल एवढंच लागतं. तेवढ्यात तुमचा हात बसेल. मग स्कझी. एमएफएम सगळ्यात शेवटी, कारण तिथे कार्ड एकच आहे. आणि बहुधा अलीकडची खतावणी त्या ४२० एमबीच्या डिस्कवरच कॉपी करून घेतलेली असेल. दुकानात नवी डिस्क आली की जुनीवरचं सगळं तिकडे टाकायची पद्धतच होती. तसं निघालं तर २० एमबीची डिस्क निवांत, हौसेने हाताळता येईल.

पुढे जाण्याआधी लांब कार्डाचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा. चिपवरचे क्रमांक, रॉमवरची चिठ्ठी, आणि प्रत्येक जंपर कुठल्या पिनांवर आहे ते दिसलं पाहिजे. डिस्कच्या लेबलचाही एक घ्या, आणि ३४ तारांच्या केबलीत मध्येच काही तारांना पीळ आहे का तेही. ते फोटो टाकलेत की जंपरबद्दल नेमकं सांगता येईल.